मरवा : मुरमात रमणारे एक उपेक्षित द्रव्य

गजऱ्यात अबोलीच्या सोबतीने मरव्याची काडी गुंफण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. केशभूषेत व देवपूजेत नित्य दिसणारी ही वनस्पती चिकित्सेत मात्र क्वचितच योजली जाते. याची दोन कारणे संभवतात. बाजारात मरवा म्हणून मिळणाऱ्या शुष्क द्रव्याची खात्री नसते, आणि दारी लावलेला मरवा पहिल्याच पावसाळ्यात नाहीसा होतो. शिरूर अनंतपाळ परिसरातील जमीन व पाऊसमान डोळ्यांपुढे ठेवून या दोन्ही अडचणींचा विचार येथे केला आहे.

परिचय : मरवा तुलसी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव ओरिगॅनम माजोराना असे आहे. सायप्रस व तुर्कस्तानचा दक्षिण भाग येथील कोरडे, चुनखडीयुक्त डोंगरउतार हे त्याचे मूळ स्थान होय. 'ओरिगॅनम' या नावाचा अर्थ परंपरेने 'पर्वताचा आनंद' असा सांगितला जातो. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, लहान, लंबगोल, करड्या हिरव्या रंगाची व मऊ लव असलेली, फुले गाठीसारख्या झुबक्यात पांढरट वा फिकट गुलाबी येतात.

नामसंभ्रम : उत्तर भारतात 'मरुआ' या नावाने पुष्कळदा सब्जाच्या वर्गातील वनस्पती दिली जाते. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा निराळा. त्याची पाने बारीक चिरलेली असतात. पानओव्याची पाने जाड व मांसल असतात. ताज्या रूपात हा भेद सहज कळतो, परंतु चुरा झाल्यावर अनुभवी नजरही फसते. फार्मसीचालकांसाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही, कारण 'शेड्यूल टी'नुसार कच्च्या द्रव्याची ओळख पटवून नोंद ठेवणे ही त्यांची जबाबदारी आहे.

ग्रंथोक्त गुण : भावप्रकाशात मरुबकाचे वर्णन पुष्पवर्गात आले असून फणिज्झक हा त्याचा पर्याय दिला आहे. ते कटु-तिक्त, लघु, रूक्ष, तीक्ष्ण, उष्ण, अग्निदीपक व रुचिकर असून कफ, वात, कृमी व कुष्ठ यांत हितकर, पण पित्तकर मानले आहे. सुश्रुतोक्त सुरसादि गणातही फणिज्झकाचा समावेश आहे. हा गण प्रतिश्याय, कास, श्वास व अरुची यांत उपयुक्त सांगितला आहे. अर्थात पित्तप्रकृतीत व उष्ण ऋतूत तारतम्य ठेवावे, आणि गर्भिणीस औषधी मात्रेत देऊ नये.

लागवड : आपल्या भागात वार्षिक पाऊस सुमारे 700 ते 800 मिलिमीटर असून त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मरव्याच्या मूळ प्रदेशात याउलट पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा असतो. म्हणून आपल्याकडे तो तहानेने मरत नाही, तर भारी काळ्या जमिनीत साचलेल्या पाण्याने मरतो. झडीच्या दिवसांत काळ्या रानाला आठ-आठ दिवस वाफसा येत नाही आणि तेवढ्यात मुळे कुजतात. पाने मलूल झालेली पाहून आपण पुन्हा पाणी घालतो, हीच मोठी चूक होय.

ज्या माळरानाला आपण हलके म्हणून नावे ठेवतो, तेथील चुनखडीयुक्त मुरूम या वनस्पतीस माहेरासारखा आहे. चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू दोन भाग, माती दोन भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. कुंडीच्या तळाशी खापराचे तुकडे घालून पाण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. जमिनीत लावायचे असल्यास गादीवाफा उंच करून दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

कार्तिक ते पौष हा लावणीचा उत्तम काळ. न फुललेल्या कोवळ्या फांदीचे 8 ते 10 सेंटिमीटरचे छाट घेऊन खालची पाने काढावीत व ओलसर वाळूत सावलीत लावावेत. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. पुढे वरची माती बोटभर सुकल्यावरच सकाळी पाणी द्यावे. वैशाखात दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा आणि पावसाळ्यात कुंडी पागोळीपासून दूर, उजेडाच्या ओसरीवर ठेवावी. युरियासारख्या खताने पाला वाढतो, पण गंध उणावतो. दोन-तीन वर्षांनी झाड काष्ठमय होते. तत्पूर्वीच नवे छाट लावून ठेवावेत.

संग्रह : कळ्या दिसू लागताच, दव सुकल्यावर, बुडाशी बोटभर खोड राखून फांद्या कापाव्यात. सावलीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवाव्यात. शक्य तोवर पाने अखंड ठेवावीत, म्हणजे ओळखही टिकते व गंधही. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेने सुगंधी घटकांत बदल होत असल्याने काढलेल्या तेलाचा वास ताज्या पानासारखा राहत नाही, हे तेल पारखताना ध्यानी घ्यावे.

प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या दारी मरव्याची एक कुंडी अवश्य राखावी. औषधाची गरज तीतून भागणार नाही. परंतु व्यापाऱ्याने पाठविलेला पाला या कुंडीतील पानाशेजारी ठेवून चुरगळून पाहता येईल. रोग्याच्या हाती द्रव्य देण्यापूर्वी ते तेच आहे, एवढी खात्री देणारा हा साक्षीदार मूठभर मुरमात वाढतो.