देवणी गाय आणि विकिपीडियाचं नवं रूप

देवणी गायीवरचा इंग्रजी विकिपीडियातला लेख संगणकावर उघडून बघा. शीर्षकाशेजारीच भाषांचं बटण दिसेल. पूर्वी ही यादी डाव्या कडेला, खाली कुठेतरी दडलेली असायची.

हा बदल ‘व्हेक्टर २०२२’ या मांडणीचा. इंग्रजी विकिपीडियावर ती १८ जानेवारी २०२३ला आली, त्याआधीची २०१०ची. ओळीही आखूड केल्या, कारण लांब ओळ संपवून परतताना नजर चुकते. बाजूची मोकळी जागा अनेकांना खटकली, मला मात्र वाचन सोपं झालंय. जुनंच हवं असेल तर खातं उघडा, सेटिंगमध्ये मिळतं.

आणि विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या, मीडियाविकीच्या, बटणांवरची मराठी ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवकच लिहितात. देवणी-उदगीरच्या पोरांनो, तिथे खातं काढा!