हाच तो बँड!

(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून एकानं मला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. बँडचं तुम्हाला काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात आठवते. मे महिना, उन्हं उतरल्यावर निघालेली वरात, पुढे बँडची गाडी, आणि अहिराणी गाणं लागलं की रस्ता अडवून नाचणारी पोरं. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला.

माझी सुरुवात तिथूनच आहे. माझ्या लग्नात, १९७९ साली, क्लॅरिनेट वाजवणारा एक तरुण होता. पुढे डीजे आले, सुपाऱ्या कमी झाल्या, त्याचा बँड मोडला. पुष्कळ वर्षांनी पुतण्याच्या लग्नात तोच माणूस पुन्हा दिसला. केस पांढरे, सोबत तीन नवी पोरं आणि एक कीबोर्ड. आमच्या वयाची मंडळी लगबगीनं पुढे गेली. "मास्तर, ते जुनं वाजवा!" त्यानं वाजवलं, सगळे नाचले. मग तो म्हणाला, "आता आमचं एक नवं ऐका." आणि आमची मंडळी एकेक करून खुर्च्यांवर येऊन बसली. मीही बसलो. हिनं माझा हात ओढला, "चला की." मी म्हटलं, "अगं, लोक काय म्हणतील? प्रोफेसर नाचतोय!"

परतलेल्या बँडच्या नव्या अल्बमची सगळी अडचण त्या पाच मिनिटांत होती. जुन्या माणसानं परत यावं असं आपल्याला मनापासून वाटतं. पण येताना त्यानं नवं काही आणू नये, असंही वाटतं. असं का?

एक मोठं उदाहरण घेऊ, आपल्या मुंबईचं. १९८४ साली तिथं 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. त्या काळी कॉलेजांच्या महोत्सवांत बँड वाजायचे ते बहुतेक परदेशी गाण्यांच्या नकला करत. या मंडळींनी स्वतःची गाणी लिहायचा हट्ट धरला. पहिला अल्बम १९८८चा, दुसरा १९९०चा. गंमत बघा, त्या दुसऱ्याचं नावच 'द सेकंड कमिंग', म्हणजे दुसरं आगमन! अजून गेलेही नव्हते, तर परत येण्याची घोषणा. १९९३ला त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, १९९५ला त्या नावाचा अल्बम काढला आणि १९९७ला बँड मोडला. मग २०१०मध्ये पुन्हा जमले आणि २०१२ला नवा अल्बम आला. १७ वर्षांनी. नाव ठेवलं 'इव्हॉल्व्ह', म्हणजे उत्क्रांत व्हा. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, हे जुने. ड्रम आणि बास गिटार वाजवणारे नवे.

आता मला सांगा, नाव बदललं, माणसं बदलली, सूरही बदलला. मग हा तोच बँड का?

आपल्या न्यायदर्शनात यावर एक ठरलेलं वाक्य आहे. 'सोऽयं देवदत्तः', म्हणजे हा तोच देवदत्त. वर्षांपूर्वी पाहिलेला माणूस आज समोर येतो आणि आपण त्याला ओळखतो. या ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिक म्हणतात, ओळख पटते याचा अर्थच असा की मधल्या काळात काहीतरी टिकून राहिलंय. त्यावर बौद्ध म्हणतात, थांबा. दिव्याची ज्योत रात्रभर तीच दिसते, पण ती क्षणाक्षणाला नवी असते. कापलेले केस पुन्हा वाढले की आपण 'तेच केस' म्हणतो. तेच कुठे असतात? सारखे असतात, म्हणून मनाची फसगत होते.

चाहता नैयायिक असतो. पडदा वर जातो आणि तो ओरडतो, "हाच तो बँड!" टीकाकार बौद्ध असतो. तो म्हणतो, ही नुसती सारखी दिसणारी ज्योत आहे. दोघांचंही थोडं खरं आहे, आणि हे नीट कळायला अमेरिकेत जावं लागेल. गाव अथेन्स. आपल्या सॉक्रेटिसचं नव्हे हं, जॉर्जिया राज्यातलं, विद्यापीठाचं गाव.

तिथं १९७६ साली पाच जणांनी 'द बी-५२ज' नावाचा बँड काढला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंच केशसंभार करायची तिकडे फॅशन होती, त्याला बी-५२ म्हणत. त्यावरून हे नाव. (केसांचा दृष्टांत इथं पुन्हा उपयोगी पडला!) १४ फेब्रुवारी १९७७ला एका मित्राच्या घरी, पार्टीत, पहिला कार्यक्रम. जुन्या बाजारातले कपडे, डोक्यावर विग, आणि लोकांनी नाचावं एवढाच उद्देश. या प्रकाराला न्यू वेव्ह म्हणतात. गाणी वेडीवाकडी, पण ठेका असा की बसवत नाही. १९८०मध्ये जॉन लेनननं यांचं 'रॉक लॉबस्टर' ऐकलं आणि काही वर्षं संगीत सोडून बसलेला तो माणूस पुन्हा गाणी करण्याच्या तयारीला लागला. पार्टीच्या बँडला हलकं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९८५मध्ये त्यांचा गिटारवादक रिकी विल्सन एड्सनं गेला. वय ३२. त्याची सख्खी बहीण सिंडी त्याच बँडमध्ये गात होती. कल्पना करा. आनंदाचा धंदा करणारा बँड आणि घरातच मृत्यू. त्यांनी वाजवणं थांबवलं. मग ड्रम वाजवणाऱ्या कीथ स्ट्रिकलंडनं ड्रम सोडून गिटार हातात घेतली आणि १९८९ला 'कॉस्मिक थिंग' आला. त्यातलं 'लव्ह शॅक' अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९९२ला आणखी एक अल्बम निघाला, त्यात सिंडी नव्हती. आणि मग १६ वर्षं एकही नवा अल्बम नाही. कार्यक्रम चालू, सिंडीही परतलेली, पण गाणी जुनीच.

२००८च्या मार्चमध्ये 'फनप्लेक्स' आला. तेव्हा गायिका केट पीअर्सन साठीला टेकली होती. बाकीचे पन्नाशीत. तरी गाण्यांत नाच, प्रेम, मॉलमधली धमाल. अल्बम अमेरिकेच्या यादीत ११व्या क्रमांकावर आला. त्यानंतर आजवर त्यांचा नव्या गाण्यांचा अल्बम नाही.

आता चाहत्याकडे वळू, कारण खरी गोची त्याच्या मनात आहे. १९९०ला विशीत असलेला पोरगा २०१२ला चाळिशी ओलांडून गेलेला. तो कार्यक्रमाला येतो ते बँडला भेटायला नव्हे, स्वतःला भेटायला येतो. जुनं गाणं ही त्याची तिजोरी. नव्या गाण्यात त्याचं काहीच ठेवलेलं नसतं. म्हणून तो खुर्चीवर बसतो. त्याला हसू नका. मी बसलेलो आहे.

डेन्मार्कच्या किर्केगार्दनं १८४३ साली 'पुनरावृत्ती' या नावाचंच एक पुस्तक लिहिलं. त्यातला माणूस ठरवतो, की पूर्वी बर्लिनला फार मजा आली होती, तर पुन्हा तसंच जाऊन बघू. जुन्याच घरी उतरतो, तर मालकाचं लग्न झालेलं आणि एकच खोली रिकामी. त्याच नाटकगृहात तोच फार्स बघायला जातो, तर हसूच येत नाही. अर्ध्या तासात बाहेर. तो हरला, कारण त्याला मागचं मागेच जाऊन उचलायचं होतं. किर्केगार्द म्हणतो, स्मरण आणि पुनरावृत्ती यांची हालचाल एकच, दिशा उलट. स्मरण मागे जातं. खरी पुनरावृत्ती पुढे तोंड करून होते.

माझं उत्तर इथून निघतं. नैयायिक म्हणतो तसं काहीतरी टिकतं, पण ते नावात किंवा माणसांत नाही. आणि बौद्ध म्हणतो तशी ज्योत नवी असते, पण ती जुन्या ज्योतीवरच पेटलेली असते. स्ट्रिकलंडनं मित्राची गिटार उचलली तेव्हा बँड पुढच्या दिशेनं टिकला.

तुम्ही म्हणाल, पैशासाठी परत येणारे काय कमी आहेत? आहेत. पण पैसे तर जुनीच गाणी वाजवून जास्त सोपे मिळतात. नवा अल्बम काढणं हा उलटा, धोक्याचा व्यवहार आहे. माझी कसोटी साधी आहे. हे गाणं त्यांना विशीत सुचलं असतं का? नसतं, तर ते खरं परतले. साठीच्या बाईनं नाचाची हौस गाणं आणि विशीतल्या मुलीनं गाणं यांत फरक आहे. विशीत ती हौस असते. भावासारखा माणूस गमावल्यावर, साठीत, तो निर्णय असतो.

आणि नाचाचा बँड एकट्यानं पुरा होत नाही. समोर नाचणारे लागतात. म्हणजे 'तोच बँड' असण्याची निम्मी जबाबदारी चाहत्यांवर आहे. जुन्याची फर्माईश जरूर करा. पण नवं लागलं की एकदा तरी उभे राहा.

त्या लग्नात मी उठलो नाही. हिला जाऊन आता चार वर्षं झाली. ती पाच मिनिटं परत मिळणार नाहीत, हे मला किर्केगार्द न वाचताही कळलं असतं. गेल्या उन्हाळ्यात नातीच्या हळदीला कुठलंसं नवंच गाणं लागलं. शब्द एक कळला नाही. मी उठलो. गुडघ्यानं जेवढं जमू दिलं तेवढी पावलं टाकली. नातीनं विचारलं, "आबा, हे गाणं तुम्हाला माहीत आहे?" म्हटलं, "नाही गं, म्हणूनच."

थांबतो.