मोटार हाताचें केव्हां ऐकते?

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील धुरकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. बैलगाडीच्या मागील बाजूस फार ओझें भरलें तर गाडी उलार होते, जूं वर उचललें जातें, आणि मग कासरा कितीही ओढला तरी गाडी ताब्यांत राहत नाहीं. मोटारीचेंही मर्म असेंच आहे. मात्र तिचा तोल बिघडलेला आधीं डोळ्यांस दिसत नाहीं.

आतां समृद्धि महामार्ग आमच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. लहान मोटारींस तेथें ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. १ जुलै २०२३ रोजीं, मध्यरात्रीनंतर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर एक बस उलटून पेटली व २५ प्रवासी प्राणांस मुकले. असा रस्ता घरापाशीं आला असतां, मोटार हाताचें कितपत ऐकते हें सर्वांनीं जाणणें अवश्य आहे.

मोटार रस्त्यास टेकते ती केवळ चार टायरांनीं, आणि प्रत्येक टायर सुमारें तळहाताएवढ्या जागेवर. वळणें, थांबणें व वेग घेणें हीं तिन्ही कामें एवढ्याच पकडीवर चालतात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. १२० च्या वेगानें ३३ मीटर. परंतु त्याच वळणावर तिला लागणारी पकड मात्र दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच सावकाश जातांना निरुपद्रवी वाटणारा स्टिअरिंगचा झटका वेगांत घातक ठरतो.

पकड सुटते ती दोन प्रकारांनीं. पुढील चाकें आधीं घसरलीं, तर स्टिअरिंग वळवूनही मोटार सरळच जाऊं पाहते. मागील चाकें आधीं घसरलीं, तर मागचा भाग बाहेर फेंकला जाऊन मोटार गरकन फिरते. कारखानदार बहुतेक मोटारी पहिल्या प्रकाराकडे झुकत्या ठेवतात. कारण घाबरलेला मनुष्य स्वभावतः वेग कमी करतो, आणि तेवढ्यानें पुढील चाकांस पकड पुन्हां मिळूं शकते. दुसऱ्या प्रकारांत ज्या बाजूस मागचा भाग जातो, त्याच बाजूस स्टिअरिंग हलकेच वळवावें लागतें, आणि मोटार सरळ होऊं लागतांच परत आणावें लागतें. हें अनुभवी हातांसही कठीण जातें.

कारखानदारानें साधलेला हा तोल आपण नकळत मोडतों. मागें फार सामान भरलें किंवा मागील टायरांत हवा कमी असली, कीं मोटार दुसऱ्या प्रकाराकडे झुकते. टपावर जड सामान बांधलें, कीं तिचा भारमध्य उंच जातो व वळणावर ती अधिक कलते. हीच मोटारीची उलार होय.

म्हणून पालकांस आमची विनंति, कीं प्रवासापूर्वीं टायर थंड असतांना हवा तपासावी, जड सामान खालीं व पुढच्या अंगास ठेवावें, आणि झोंप येऊं लागल्यास थांबावें. टायर फुटलाच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनीं सरळ धरून वेग आपोआप उतरूं द्यावा. ब्रेक जोरानें दाबूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही अद्याप हांकणारे नसलां तरी निघण्यापूर्वीं "हवा पाहिली काय?" एवढें विचारणें तुमच्या हातीं आहे. तें विचारण्यास संकोचूं नका.