तुला कसं कळलं?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. त्यात मुलाने स्वतःचे मत लिहायचे असते, पण मुले ते गाईडमधून पाठ करून येतात. अख्ख्या वर्गाचे मत एकच, शब्दसुद्धा तेच! यात मुलांचा दोष नाही. विचार करण्याचा सराव आपण त्यांना देत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चिकित्सक विचारावर भर आहे, पण तो रुजतो रोजच्या तासात. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला सातवीच्या वर्गाला शिकवताना मी हे पाहते आहे.

पाऊस चांगला झाला की आमच्याकडे मोबाइलवर मजकूर फिरू लागतो: ‘हर्सूल तलाव भरला, पाण्याची चिंता मिटली.’ तो मी जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि खाली तीन रकाने आखले : पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले. तलाव भरलेला पुष्कळांनी स्वतः जाऊन पाहिला होता, ते पहिल्या रकान्यात गेले. ‘चिंता मिटली’ मात्र कुठे टाकायचे, यावर वर्ग अडला. एक मुलगी म्हणाली, “पण कोणाची चिंता, मॅडम?”

खरा तास तिथून सुरू झाला. घरोघरी काय विचारायचे ते मुलांनीच ठरवले : नळ किती दिवसांनी येतो, बोअर आहे का, टँकर मागवावा लागतो का? दुसऱ्या दिवशी आणलेली उत्तरे एकमेकांशी जुळेनात. मग आम्ही नकाशा पसरला. हर्सूलचा तलाव जुन्या शहराच्या काही भागालाच पाणी पुरवतो. शहराची मोठी मदार पैठणच्या जायकवाडीवर, आणि तिथले पाणी पन्नासएक किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. तलाव काठोकाठ भरला तरी एखाद्या वस्तीतला नळ कोरडा का राहतो, हे मुलांना उलगडले. शेवटी त्यांनी वाक्य बदलले: ‘तलाव भरला, काही वस्त्यांची काही काळाची सोय झाली.’

या सगळ्यात मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, “तुला कसं कळलं?” बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारते. चुकलेल्यालाच विचारले तर मुलांना ती धमकी वाटते. आणि विचारल्यावर गप्प बसायचे. उत्तर जिभेवर असलेल्या शिक्षकाला हे फार जड जाते, पण मुले त्याच शांततेत विचार करतात.

दुसरा उपक्रम मला डॉ. जयंत नारळीकरांच्या एका चाचणीवरून सुचला. 2008 साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह ज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. 27 जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24 बरोबर. सरासरी निम्म्याहूनही कमी, म्हणजे नाणेफेकीपेक्षा काही सरस नाही.

अक्षरावरून मुलगा की मुलगी ते ओळखता येते, असे माझ्या वर्गाचे ठाम मत होते. म्हटले, तपासू या. सगळ्यांनी एकच वाक्य लिहायचे, नाव नाही, मागे फक्त क्रमांक. पण कागद वाटण्याआधीच एक मुलगा उठला, “मॅडम, आम्ही एकमेकांचं अक्षर ओळखतो, मग ही परीक्षा कसली?” म्हणून कागद दुसऱ्या तुकडीचे आणले. पेनाच्या रंगावरून अंदाज बांधू नये म्हणून सगळ्यांना निळेच पेन दिले होते. शेजारी एक जण नाणे उडवून नोंद करत होता. नाण्यापेक्षा मुलांचे थोडे जास्त बरोबर आले. मग ‘थोडे’ पुरेसे आहे का, यावर जो वाद रंगला तो घंटा झाली तरी थांबेना. दुसऱ्या शाळेतले कागद मागवा, हे मुलांनीच सुचवले.

अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा, असे सहकारी विचारतात. पाण्याच्या तासात भूगोल, गणित आणि मराठी तिन्ही झाले, हे माझे उत्तर. पालकांची काळजी वेगळी असते, मुले उलटून बोलतील म्हणून. उलटून बोलणे आणि कारण विचारणे यांत फरक आहे. तो फरकही मूल वर्गातच शिकते, कारण तिथे त्याला दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे लागते.

तेव्हा तुमच्या घरचे मूल एखाद्या फॉरवर्डवर “तुम्हाला कसं कळलं?” म्हणून विचारील, तर रागावू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर त्याच्यासोबत शोधा.