संगणक मंद का झाला?

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून खोडदच्या दिशेने निघालात, की शेतांतून डोकावणाऱ्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसू लागतात. हीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची रेडिओ दुर्बीण, 'जीएमआरटी'. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात मांडल्या आहेत. त्या सर्वांनी टिपलेल्या लहरी जुळवल्या, तरच आकाशाचे चित्र तयार होते. २०१० च्या सुमारास हे काम करण्यासाठी येथे संगणकांचा एक समूह उभारण्यात आला. हे संगणक बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या भागांचे होते आणि त्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालत असे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली.

हीच लिनक्स शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. समजा, त्यासाठी प्रकल्प तयार करताना तुमचा संगणक रखडू लागला. 'जुना झाला, आता भंगारात घाला,' असे कोणी म्हणेलही. पण थांबा! आधी तपासणी करा.

खळे आणि बराख

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना कांद्याची बराख सांगायला नको. बराखीत कांदा महिनोन् महिने राहतो. निवडायचा तेवढाच खळ्यावर आणतात. संगणकाची चकती म्हणजे बराख आणि रॅम ही तात्पुरती स्मृती म्हणजे खळे. खळे भरून गेले, तर नवा कांदा आणण्यासाठी आधीचा परत आत न्यावा लागतो. मग माणसांचा वेळ निवडण्यात न जाता वाहण्यातच जातो. संगणकही स्मृती अपुरी पडली, की तिच्यातील मजकूर चकतीवरच्या राखीव जागेत हलवतो. या जागेला स्वॅप म्हणतात. चकती रॅमच्या मानाने फारच संथ असते, म्हणून यंत्र रखडते.

मोजून पाहा

टर्मिनल उघडा. पुढील सर्व आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत. पहिली आज्ञा 'फ्री -एच'. समजा, एकूण स्मृती २ जीबी आहे आणि 'फ्री' या रकान्यात फक्त १५० एमबी दिसते. घाबरून जाऊ नका. लिनक्स रिकामे खळे वाया घालवत नाही. पुन्हा लागण्याजोगा मजकूर तेथेच ठेवते आणि दुसऱ्या कामाला जागा हवी असली, की तो लगेच बाजूला सारते. म्हणून 'अव्हेलेबल' हा रकाना पाहा. तेथे ९०० एमबी असेल, तर स्मृती पुरेशी आहे. दोष दुसरीकडे शोधावा लागेल.

तेथेही आकडा अगदी लहान असेल, तर 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा द्या. दर सेकंदाला एक ओळ उमटेल. पहिली ओळ सोडून द्या; ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत सतत मोठे आकडे येत असतील, तर वाहतूक चालू आहे. हाच रोग!

आता 'टॉप' ही आज्ञा देऊन मोठ्या लिपीतील एम दाबा. सर्वांत जास्त स्मृती वापरणारे काम वर येईल. पुष्कळदा तो अनेक पाने उघडलेला ब्राउझर असतो. तसे असेल, तर नको असलेली पाने मिटवली की काम भागते.

पडद्यामागच्या सेवा

काही कामे मात्र पडद्यावर दिसत नाहीत: छपाईची सेवा, ब्लूटूथ, फायलींची सूची करणारी सेवा. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस --स्टेट=रनिंग' ही आज्ञा व्यवस्थेच्या चालू सेवांची यादी देते. शाळेत ब्लूटूथचे एकही उपकरण नसेल, तर ती सेवा कशाला? शिक्षकांना विचारून 'सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप ब्लूटूथ' अशी आज्ञा द्या. 'स्टॉप'ने सेवा तेवढ्यापुरती थांबते, तर 'डिसेबल'ने ती पुढच्या वेळी आपोआप सुरू होत नाही. म्हणून आधी 'स्टॉप' करून परिणाम पाहावा. ज्या सेवेचे काम ठाऊक नाही, तिला हात लावू नये. एखादी अत्यावश्यक सेवा थांबली, तर जाळे तुटेल किंवा पडदाच काळा होईल.

प्रत्येक बदलानंतर पुन्हा 'फ्री -एच' द्या आणि आकडा वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा. चार सेवा एकदम बंद केल्या, तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळणार नाही. कदाचित एखादी सेवा थांबवूनही चार-पाच एमबीच वाचतील. तर ती सेवा दोषी नव्हती, एवढे तरी सिद्ध झाले!

स्मृती निर्दोष ठरली तर?

'टॉप'च्या वरच्या भागात 'डब्ल्यूए' हा आकडा असतो. तो सतत मोठा असेल, तर प्रक्रियक चकतीची वाट पाहत बसला आहे. अशा वेळी सेवा बंद करून फारसे साधत नाही. चकती बदलण्याचा विचार करावा.

करून पाहा: वहीत चार रकाने आखा: वेळ, उपलब्ध स्मृती, केलेला बदल आणि एखादा कार्यक्रम उघडण्यास लागलेले सेकंद. आठवडाभराच्या नोंदींनंतर संगणक भंगारात जावा की वर्गात राहावा, हे तुम्ही आकड्यांनिशी सांगू शकाल.