शर्यतीच्या बैलजोडीची निवड

बैलगाडी शर्यतीत, मोटारींच्या ड्रॅग शर्यतीप्रमाणेच, सरळ धावपट्टीवर थोड्या अंतरातील वेग जोखला जातो. जत, आटपाडी व सांगोला हा खिल्लार जातीचा प्रदेश होय. लांब शिंगे, निमुळता चेहरा, काटक पाय व टणक खूर ही तिची लक्षणे.

बैलाचे वय दातांवरून ठरते. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’, दोन कायमचे दात आलेला ‘दुसा’ आणि चार दातांचा ‘चौसा’. आदत खोंडांच्या शर्यती स्वतंत्रपणेही भरतात.

दोन नामांकित बैल एकत्र जुंपले म्हणजे जोडी झाली, असे नव्हे. उंची, सुटण्याची चपळाई व झेपेची लांबी जुळली नाही, तर जू तिरके होऊन छकडा एका बाजूस ओढला जातो. म्हणून साजेसा जोडीदार पुष्कळदा दुसऱ्या मालकाकडून घेतात. यास ‘पैरा’ म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा कायदा वैध ठरला. नियमांनुसार काठी-चाबकाच्या वापरास मनाई असल्याने जोडी मुळातच जुळलेली असणे अधिक मोलाचे झाले आहे.