पडवीतली चेतक पुन्हा रस्त्यावर आणताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत अजूनही एखाद्या पडवीत किंवा मांगराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बजाज चेतक उभी असते. वडिलांची किंवा आजोबांची, नंबर एम.एच. 08 चा नाहीतर त्याही आधीच्या पद्धतीचा. अशी गाडी घरच्या घरी उघडून पुन्हा चालू करायची इच्छा अनेकांना होते आणि ती अगदी रास्त आहे. चेतक साध्या हत्यारांनी खोलता येते आणि शिकणाऱ्याला खूप काही शिकवते. अडचण असते ती आजूबाजूच्या सल्ल्यांची. त्यातले बरेचसे सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात, पण हे इंजिन कसं चालतं आणि आपली खारी हवा लोखंडाचं काय करते याचा विचार त्यांत नसतो. अशा सल्ल्यांनी गाडीचं जितकं नुकसान होतं, तितकं नुसतं उभं राहूनही होत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण सुट्या भागांचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. बजाजचा इटलीच्या पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक आली. तिचा सांगाडा आणि इंजिन व्हेस्पाच्याच वंशातलं.   चेतकचं उत्पादन 2005-06 च्या सुमारास थांबलं. ‘म्हणजे आता पार्ट मिळणार नाहीत’ हा पहिला गैरसमज. तीन दशकं लाखोंनी बनलेली गाडी आहे ही. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, केबली, ऑइल सील, ब्रेक शू हे झिजणारे भाग आजही बनतात आणि मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत तर सहज. दुर्मीळ झालेत ते मूळ दिवे, मोनोग्राम, मीटर आणि चांगल्या अवस्थेतले पत्रे. म्हणून पत्रा वाचवायला सर्वाधिक वेळ द्यावा.

‘इंजिन एअरकूल्ड आहे, तर त्याला मोकळी हवा लागू दे’

या समजुतीपायी अनेक चेतकांच्या इंजिनावरचं काळं काऊल (सिलिंडर आणि हेडभोवतीचं आवरण) काढून टाकलेलं असतं. कधी प्लग बदलताना ते आड आलं म्हणून, कधी इंजिन जास्त तापतंय असं वाटलं म्हणून. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

उजव्या बाजूचं पॅनल काढून बघा. फ्लायव्हीललाच पंख्याची पाती आहेत. इंजिन फिरलं की ही पाती हवा ओढतात, झाकणाच्या पोकळीतून ती काऊलमध्ये ढकलतात आणि काऊल ती हवा सिलिंडर आणि हेडच्या फिन्सच्या फटींतून जायला भाग पाडतं. काऊल नसेल तर पंख्याने ओढलेली हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. इंजिन पॅनलआड असल्याने समोरच्या वाऱ्याचा झोतही त्याला थेट लागत नाही. रॉयल एनफिल्ड किंवा येझदीचं इंजिन उघडं, समोरच्या वाऱ्यात असतं, त्यामुळे ते गाडीच्या वेगावर थंड होतं. चेतकचं पंख्यावर थंड होतं. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या इंजिनालाही असाच पंखा आणि त्याभोवती पत्र्याचं आवरण असे. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सने बीटलचं इंजिन फायबरग्लासच्या बॉडीत बसवून वाळूत पळणारी बग्गी केली, तेव्हा गाडी चारी बाजूंनी उघडी झाली, पण सिलिंडर थंड ठेवायचं काम त्या पंख्याचंच राहिलं.

कोकणात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. फिन्सच्या फटींत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली असतात, वर गळलेल्या तेलाचा थर आणि धूळ. पॅनलच्या आत उंदरांनी सुंभाचा आणि पेंढ्याचा ढीग करून ठेवलेला असतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनाच्याही हेडमागच्या फटी अशा बुजलेल्या असतात. काऊल काढून, रॉकेल आणि बारीक ब्रशने प्रत्येक फट पलीकडचा उजेड दिसेपर्यंत साफ करावी. काही खर्च नाही, आणि इंजिनाच्या आयुष्यासाठी याहून मोलाचं काम दुसरं नाही.

याच पंख्यामुळे घाटाबद्दलचा एक समजही चुकीचा ठरतो. ‘खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, म्हणजे तापतं’ म्हणून लोक आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर कण्हत चढतात. पंख्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन दबकत चालतं तेव्हा भार जास्त आणि हवा कमी, अशी दोन्हीकडून अडचण होते. खालच्या गिअरमध्ये फेऱ्या वाढतात, हवाही वाढते. दर दहा-वीस किलोमीटरवर थांबून ‘इंजिनाला विश्रांती’ द्यायचीही गरज नाही. हवेची वाट मोकळी असेल तर चेतक दिवसभर चालते.

‘ऑइल दोन टोपणं जास्त टाक, इंजिनाला बरं’

टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच जातं, त्यामुळे हा सल्ला पटकन पटतो. चेतकसाठी दोन टक्के, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल पुरतं. चार लिटरला 80. 1950 च्या दशकातल्या स्कूटरना याहून जास्त ऑइल सांगितलेलं असे, तेव्हाची तेलंही आजच्यासारखी नव्हती. जुन्या माणसांच्या हाताला तेच माप बसलेलं आहे.

जास्त ऑइलने धूर होतो आणि सायलेन्सर कार्बनने बुजतो, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान वेगळं आहे. कार्बोरेटरचा जेट ठरावीक मापाचा द्रव सोडतो. त्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी झालं. हवा तितकीच, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ. आणि पातळ मिश्रण गरम जळतं. थंडाव्यासाठी टाकलेलं जादा ऑइल थोडी का होईना उष्णताच वाढवतं.

पेट्रोलबद्दलही दोन समज ऐकू येतात. ‘जुन्या गाडीला शिशाचंच पेट्रोल लागायचं, आताचं चालत नाही’ हा एक. भारतात 2000 सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशाचा आधार होता तो फोर-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. दुसरा समज, ‘पेट्रोल भरून ठेवलं की टाकी गंजत नाही’. पूर्वी यात तथ्य होतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यातल्या आपल्या हवेत गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी सुटू शकतं. गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवावं आणि टाकी रिकामी करून पुसून ठेवावी. जुनी रबरी पेट्रोल पाइप इथेनॉलने फुगते, चिरते. ती आधीच बदलावी.

‘पावसाने गंज धरतो, झाकून ठेवली की झालं’

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे दोष पावसावर जातो. पण आपल्या पत्र्याचा खरा शत्रू मीठ आहे. समुद्राचा वारा मिठाचे बारीक कण आणून टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी शोषून ओलं होतं. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर असतो आणि तो रात्रंदिवस काम करतो. पावसाचं पाणी उलट हे मीठ धुऊन नेतं. गंज सर्वांत जास्त धरतो तो जिथे पाऊस पोचत नाही पण दमट वारा पोचतो तिथे : फ्लोअरच्या खालून, लेगशील्डच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खणात, रबरी पट्ट्यांच्या खाली.

प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली की ओल आत कोंडते. पडवीतल्या गाडीला सुती चादर पुरे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, विशेषतः खालून, धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. भाट्ये किंवा मांडवीच्या वाळूत फोटोसाठी गाडी नेण्याचा मोह टाळावा. खारी वाळू बिजागरीत, केबलीत आणि पंख्याने ओढली जाऊन फिन्समध्ये बसते.

‘वरवरचा गंज आहे, घासून रेड ऑक्साइड मार’

या सल्ल्याने सर्वाधिक चेतका वाया गेल्या. चेतकला वेगळी चॅसी नाही. व्हेस्पा आखणारा कोर्रादिनो दास्कानिओ विमानांचा अभियंता होता. त्याने 1946 च्या व्हेस्पात दाबलेल्या पत्र्याची बॉडी हाच सांगाडा केला. चेतकचा फ्लोअर म्हणूनच भार पेलणारा भाग आहे. रबरी पट्ट्या काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअर दाबून बघा. टोक आत शिरलं, किंवा पत्रा पापडासारखा चुरला, तर तिथे पुट्टी भरणं म्हणजे स्वतःला आणि मागे बसणाऱ्याला धोक्यात घालणं. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि कापण्याआधी लेगशील्ड आणि मागचा भाग यांच्यामध्ये आधाराचा रॉड टाचावा, नाहीतर बॉडी पिळवटते. हे काम मिरजोळे एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या अनुभवी वेल्डरकडे द्यावं. त्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवायची. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि तीच पेट घेते.

रेड ऑक्साइडबद्दल सांगायचं तर त्यातला लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड. तो गंज थांबवणारं रसायन नाही, फक्त थर देतो. पूर्वीच्या शिशाच्या लाल प्रायमरचा गुण त्यात आहे असं समजू नये. शिवाय प्रायमरचा थर सच्छिद्र असतो. नुसता प्रायमर मारून गाडी पावसाळाभर ठेवली तर ओल आणि मीठ आरपार जातं आणि वर दिला जाणारा रंग सहा महिन्यांत फुगे धरतो. पत्रा उघडा पडेपर्यंत घासावा, गोड्या पाण्याने मीठ धुवावं, वाळवावं, फॉस्फोरिक अॅसिडचं गंजनाशक लावावं आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमर द्यावा. हे काम डिसेंबर-जानेवारीत काढावं, हवा तेव्हाच त्यातल्या त्यात कोरडी असते. जून-जुलैत रंगकाम करूच नये.

मूळ रंग बदलायचा विचार असेल तर आर.सी.वर त्याची नोंद करावी लागते. कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर ‘पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारातच’ हेही खरं नाही. दहा आणि पंधरा वर्षांची सक्ती दिल्ली परिसरासाठी आली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर आर.टी.ओ.ची तपासणी होऊन, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. 2021 च्या नियमांनी आलेली ‘व्हिंटेज’ नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, त्यामुळे बाजारहाटाला चेतक न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

‘किक मारली, सुरू झाली, इंजिन ठणठणीत’

सुरू होणं ही फार लहान परीक्षा आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपही असतो, म्हणून तो हवाबंद लागतो. क्रँकच्या दोन बाजूंना दोन ऑइल सील असतात आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्यांचं रबर कडक होतं. क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं : पांढरा दाट धूर, आणि गिअर ऑइल कमी कमी होत जाणं. मॅग्नेटोकडचं गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होऊ शकतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाच्या फेऱ्या उतरत नसतील, तर हीच शंका घ्यावी. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील बदलावीत, किंमत नगण्य आहे. आणि गाडी आडवी केल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर तो ‘चेतकचा स्वभाव’ नसून फ्लोट, नीडल, पॉइंट किंवा प्लगचं दुखणं आहे.

इंजिन आधीच जाम असेल तर किकवर उड्या मारू नयेत, गिअरमध्ये टाकून ढकलूही नये. सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन अॅल्युमिनियमचा, मध्ये गंजाने रिंगा धरलेल्या असतात. प्लग काढून डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल ओतावं, काही दिवस मुरू द्यावं आणि मग फ्लायव्हील हाताने मागेपुढे हलवत सोडवावं. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याने साफ करणाऱ्यांनी तेच पाणी हेडला लावू नये, सोडा अॅल्युमिनियम खातो. जुन्या ब्रेक शूची धूळ फुंकून किंवा कंप्रेसरने उडवू नये, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणि चेतकचा रिम दोन भागांचा असतो, हे विसरू नये. चाक काढल्यावर हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिम जोडणाऱ्या नटांना पान्हा लावला, तर रिमचा अर्धा भाग अंगावर उडतो.

नवा पिस्टन बसवला असेल तर सुरुवातीला फुल थ्रॉटल नको. हातखंब्यापर्यंत जाऊन या, वेगात असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, थोडं निवल्यावर प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं जागेवर आहे. काळं आणि ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढरं फटक असेल तर मिश्रण पातळ आहे. तेव्हा आधी सील, कार्बोरेटरचं गॅसकेट आणि काऊल तपासा. जेट बदलायचा विचार त्यानंतर.